एनएचएसच्या नोकरीचा अर्ज: पात्रता आहे, पण ती अर्जात दिसते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीतील एका खासगी रुग्णालयात सहा वर्षे नोंदणी आणि बिलिंगच्या खिडकीवर काम, बी. कॉम.ची पदवी, दोन वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीमुळे इंग्लंडमधील लेस्टरला स्थलांतर, त्यानंतर बाळाच्या संगोपनात गेलेला काळ, आणि गेल्या पाच महिन्यांत एनएचएसमधील, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील, वॉर्ड क्लार्क, रिसेप्शनिस्ट, अपॉइंटमेंट्स क्लार्क अशा बँड ३ च्या (बँड म्हणजे वेतनश्रेणी; आकडा मोठा तितकी वरची) जागांसाठी केलेले २३ अर्ज. एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आलेले नाही. भारतातला अनुभव इथे धरत नाहीत का, नाव पाहूनच अर्ज बाजूला ठेवतात का, आणि आता बँड २ च्या जागांकडे वळावे का, असे तुम्ही विचारले आहे. अर्जातल्या ‘सपोर्टिंग इन्फर्मेशन’ या रकान्यात लिहिलेला मजकूरही तुम्ही सोबत दिला आहे, म्हणून मला नुसत्या अंदाजावर बोलावे लागणार नाही.

मी इंग्लंडमधील एका रुग्णालय ट्रस्टमध्ये, म्हणजे एनएचएसची रुग्णालये चालवणाऱ्या संस्थेत, बाह्यरुग्ण विभागाच्या प्रशासकीय कर्मचाऱ्यांचे काम पाहते, आणि गेली अकरा वर्षे बँड २ पासून बँड ५ पर्यंतच्या जागांसाठी आलेल्या अर्जांची छाननी करते आहे. तुमचा मजकूर वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, तोच मजकूर सर्व २३ जागांना गेलेला आहे. त्यात तुम्ही मेहनती आहात, संवादकौशल्य चांगले आहे, दबावाखाली काम करता येते आणि रुग्णसेवेची आवड आहे, असे लिहिले आहे. हे सारे खरे असेल, यात मला शंका नाही. परंतु छाननी करणाऱ्या माणसापुढे या वाक्यांना गुण देण्याची सोयच नसते, आणि ती का नसते हे समजल्याशिवाय पुढचे काही सुधारता येणार नाही.

प्रत्येक जाहिरातीसोबत दोन कागद असतात. एक कामाचे वर्णन, आणि दुसरा ‘पर्सन स्पेसिफिकेशन’, म्हणजे त्या जागेवर कसा माणूस हवा याचा तक्ता. बहुतेक जण पहिला कागद वाचतात आणि दुसरा चाळून सोडून देतात; खरा महत्त्वाचा असतो तो दुसरा. त्या तक्त्यात शिक्षण, अनुभव, ज्ञान, कौशल्ये अशा ओळी असतात, प्रत्येक ओळ ‘इसेन्शियल’ म्हणजे अत्यावश्यक आहे की ‘डिझायरेबल’ म्हणजे असल्यास बरी, हे लिहिलेले असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती ओळ अर्जावरून तपासणार की मुलाखतीत, हेही अक्षराने दाखवलेले असते: ‘ए’ म्हणजे अर्ज, ‘आय’ म्हणजे मुलाखत. छाननीच्या वेळी माझ्यापुढे एका बाजूला तुमचा अर्ज आणि दुसऱ्या बाजूला हाच तक्ता असतो. आमच्याकडे दोघेजण स्वतंत्रपणे प्रत्येक ओळीला शून्य, एक किंवा दोन गुण देतात. ओळीचा उल्लेखच नसेल तर शून्य, नुसता दावा असेल तर फार तर एक, आणि उदाहरणासह पुरावा असेल तर दोन. गुण देण्याची पद्धत ट्रस्टप्रमाणे थोडी बदलते. मात्र अत्यावश्यक ओळींपैकी एकीवर जरी शून्य पडले तरी तो अर्ज सहसा तिथेच थांबतो, मग उरलेला अर्ज कितीही चांगला असो.

आपल्याकडे शाळेत गणिताच्या शिक्षकांनी एक गोष्ट मनावर ठसवलेली असते: उत्तर डोक्यात तयार असले तरी पायऱ्या लिहा, कारण गुण पायऱ्यांना आहेत. इथला अर्ज हा नेमका तसाच आहे. महाराष्ट्रातील सरकारी भरतीत अर्ज म्हणजे रकाने भरणे असते, योग्यता परीक्षेत ठरते आणि प्रमाणपत्रे कागदपत्र पडताळणीच्या दिवशी दाखवायची असतात. ती सवय घेऊन इथे आलो की आपण नकळत असे धरून चालतो की बी. कॉम. लिहिले म्हणजे गणित आलेच, सहा वर्षे खिडकीवर बसलो म्हणजे लोकांशी बोलता येते हे उघडच आहे. छाननी करणाऱ्याला मात्र यातले काहीही गृहीत धरण्याची मुभा नसते. उद्या एखाद्या उमेदवाराने विचारले की मला का वगळले, तर त्याला दाखवता येईल असा आधार अर्जाच्या मजकुरातच असावा लागतो, आणि म्हणून तुमच्याविषयी चांगले मत झाले तरी मी अर्जात नसलेली गोष्ट अर्जात आहे असे मानू शकत नाही.

आता नावाविषयी. एनएचएसच्या अर्जप्रणालीत छाननी पूर्ण होईपर्यंत अर्जदाराचे नाव, पत्ता, जन्मतारीख ही माहिती छाननी करणाऱ्यांपासून झाकलेली असते, आणि समानतेच्या नोंदींसाठी विचारलेली वंश, धर्म, अपंगत्व यांची माहितीही त्यांना दिसत नाही. त्यामुळे तो भाग भरायला घाबरू नका. पण पूर्ण सत्य सांगायचे तर कामाच्या इतिहासातले रुग्णालयाचे नाव आणि गाव बहुतेक ठिकाणी दिसते, त्यावरून माणूस कुठून आला आहे हे कळते, आणि माणसांच्या मनातले पूर्वग्रह एखाद्या झाकलेल्या रकान्याने नाहीसे होतात असे मी म्हणणार नाही. तरीही तुमच्या अर्जापुरते सांगते: हा अर्ज माझ्याकडे आला असता तर मलाही तो वगळावा लागला असता, आणि मी तर तुमच्याच भागातली आहे.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, त्या आधीच बाजूला काढू. एखाद्या जागेवर आतलाच कर्मचारी तात्पुरते काम करत असतो आणि त्याचा अर्ज साहजिकच सरस ठरतो. नोकरी जाण्याच्या बेतात असलेल्या अंतर्गत कर्मचाऱ्यांना आधी संधी द्यावी लागते. काही जाहिरातींना इतके अर्ज येतात की अत्यावश्यक ओळी पूर्ण करणाऱ्या सर्वांना बोलावणे शक्य नसते, आणि मग असल्यास बऱ्या अशा ओळींचे गुण निर्णायक ठरतात. तुम्ही पतीच्या व्हिसावर आहात आणि काम करण्याची परवानगी आहे, हे तुमच्या बाजूचे आहे; ज्यांना नोकरी देणाऱ्याकडून स्पॉन्सरशिप हवी असते त्यांची अडचण निराळी असते आणि ती केवळ चांगल्या अर्जाने सुटत नाही. तुम्ही मात्र ‘स्पॉन्सरशिपची गरज नाही’ हे संबंधित रकान्यात स्पष्ट भरा.

आता प्रत्यक्ष काम. पुढची जाहिरात निवडली की अर्ज उघडण्याआधी तो तक्ता कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग लिहा. प्रसंग म्हणजे गुणविशेष नव्हे. कुठे, केव्हा, काय घडले, मी काय केले, शेवटी काय झाले, एवढे. हा तक्ता भरायला मला स्वतःला पहिल्यांदा दोन संध्याकाळी लागल्या होत्या. त्याआधी मीही एकच मजकूर सगळीकडे पाठवत होते आणि उत्तर येत नव्हते. एका व्यवस्थापिकेने फोनवर अभिप्राय देताना सांगितले की आमच्या आठ अत्यावश्यक ओळींपैकी तीन ओळींबद्दल तुमच्या अर्जात एक शब्दही नाही. त्या तिन्ही गोष्टी मी सोलापुरात वर्षानुवर्षे करत होते.

सुरुवात शिक्षणाच्या ओळीपासून करा, कारण तुमचा अर्ज माझ्या मते सर्वांत आधी तिथेच अडला आहे. बँड ३ च्या तक्त्यात बहुधा इंग्रजी आणि गणित या विषयांत जीसीएसई (इथली शालेय परीक्षा), ग्रेड ४ किंवा त्याहून वर, अथवा समकक्ष, अशी मागणी असते. तुम्ही फक्त बी. कॉम. लिहिले आहे. पदवी मोठी असल्याने दहावी लिहिणे अनावश्यक वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तक्त्यात ‘इंग्रजी’ आणि ‘गणित’ हे शब्द आहेत आणि तुमच्या अर्जात ते कुठेच नाहीत. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी, वर्ष, इंग्रजीचे गुण, गणिताचे गुण असे वेगळे लिहा, आणि पुढे एका वाक्यात सांगा की ही सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणारी मंडळाची परीक्षा असून तुम्ही ती जीसीएसईच्या समकक्ष म्हणून देत आहात. समकक्षता मान्य करायची की नाही हे शेवटी ट्रस्ट ठरवतो. मागितल्यास यूके एनिक या संस्थेकडून तुलनेचे पत्र मिळवता येते. त्याला शुल्क पडते, म्हणून कोणी मागेपर्यंत थांबायला हरकत नाही.

अनुभवाच्या ओळी हा या अर्जाचा गाभा आहे. तुमच्या मजकुरातले वाक्य असे आहे: ‘मला रुग्ण आणि नातेवाइकांशी बोलण्याचा उत्तम अनुभव आहे.’ तक्त्यातली ओळ मात्र बहुधा अशी असते: ‘अस्वस्थ किंवा रागावलेल्या व्यक्तींशी प्रत्यक्ष आणि दूरध्वनीवर संवाद साधण्याचा अनुभव.’ आता तुम्ही प्रश्नात ओघाने सांगितलेला प्रसंगच घ्या. विमा कंपनीची मंजुरी दुपारपर्यंत न आल्याने एका रुग्णाचे डिस्चार्ज अडकले होते, मुलगा खिडकीवर आवाज चढवत होता, मागे रांग वाढत होती. हा प्रसंग अर्जात असा यायला हवा: ‘नोंदणी कक्षात काम करताना एका रुग्णाचा मुलगा, घरी सोडण्यास उशीर होत असल्याने, सर्वांसमोर रागाने बोलू लागला. मी सहकाऱ्याला रांग सांभाळण्यास सांगितले, त्याला बाजूच्या खोलीत नेले, त्याचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून घेतले, विमा कंपनीला त्याच्यासमोर फोन केला आणि नक्की कोणता कागद अडला आहे हे त्याला त्याच्या भाषेत, कन्नडमध्ये, समजावून सांगितले. दर अर्ध्या तासाने मी स्वतः जाऊन स्थिती कळवत राहिले. मंजुरी संध्याकाळी आली आणि त्याने तक्रार नोंदवली नाही. त्यानंतर मी प्रलंबित मंजुरींची यादी रोज सकाळी दहा वाजता तपासण्याची पद्धत सुरू केली.’ शेवटचे वाक्य तुमच्या बाबतीत खरे असेल तरच लिहा, कारण मुलाखतीत त्यावरच पुढचा प्रश्न येईल. हा एक परिच्छेद संवादाच्या ओळीला पूर्ण गुण मिळवून देतो, शिवाय दबावाखाली काम, पुढाकार आणि दुसऱ्या भाषेचे ज्ञान या ओळींनाही हात लावतो. रुग्णाचे नाव किंवा आजार त्यात नाही, हेही लक्षात घ्या; गोपनीयता पाळता येते याचा तो नकळत दिलेला पुरावा असतो.

भारतातला अनुभव धरतात का, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. धरतात, पण तो वाचणाऱ्याला समजावा लागतो. तुम्ही ‘एमजेपीजेएवाय आणि टीपीएचे काम’ असे लिहिले आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना काय आहे हे सांगलीत कोणालाही विचारले तरी कळेल, आणि विमा दाव्यांचे काम पाहणारी मध्यस्थ संस्था म्हणजे टीपीए हेही, परंतु लेस्टरमधल्या व्यवस्थापिकेला ती अक्षरे निरर्थक आहेत आणि ती शोधून पाहण्याइतका वेळ तिच्याकडे नसतो. त्याऐवजी असे लिहा की, राज्य शासनाच्या खर्चाने होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णालयाला आधी मंजुरी घ्यावी लागे, त्यासाठी मी रुग्णाची ओळखपत्रे आणि वैद्यकीय कागद तपासून संगणकप्रणालीत भरत असे, मुदतीत उत्तर न आल्यास पाठपुरावा करत असे आणि डॉक्टर, वॉर्ड व रुग्ण या तिघांना स्थिती कळवत असे. हे वाचताना इथल्या माणसाला स्वतःच्या विभागातले काम दिसू लागते, कारण रेफरल (रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवणारे पत्र) आले, कागद अपुरा निघाला, मुदत जवळ आली, फोन करावा लागला, हे दोन्हीकडे सारखेच आहे. दिवसाला किती रुग्णांची नोंदणी करत होता तो आकडाही द्या, मात्र खरा द्या. नोंदणीच्या वहीवरून किंवा जुन्या सहकाऱ्याला विचारून तो मिळेल.

एक भाषिक सवयही मोडावी लागेल. तुमच्या मजकुरात जवळजवळ प्रत्येक कृतीला ‘आम्ही’ आहे. ‘मी केले’ असे म्हणणे आपल्याला आढ्यतेचे वाटते, आणि माणूस म्हणून मला तो संकोच आवडतो. पण गुण देताना तुमच्या विभागाने काय केले याचा मला उपयोग नसतो. ‘विभागाने ठरवले, त्यात माझ्याकडे अमुक काम होते आणि ते मी असे केले’ असे लिहिले की सहकाऱ्यांचे श्रेयही राहते आणि तुमचा वाटाही दिसतो.

जी ओळ तुमच्याकडे नाही तिचे काय करायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. इथली रुग्णनोंदणीची संगणकप्रणाली वापरल्याचा अनुभव, किंवा १८ आठवड्यांच्या नियमाचे ज्ञान, अशा ओळी बहुधा असल्यास बऱ्या या गटात असतात. त्या गाळू नका आणि खोटेही लिहू नका. ‘या प्रणालीवर मी काम केलेले नाही, सांगलीत रुग्णालयाची नवी प्रणाली आली तेव्हा मी ती अमुक दिवसांत शिकून दोन सहकाऱ्यांना शिकवली’ असे लिहिले तर जवळचा पुरावा म्हणून एक गुण देता येतो. १८ आठवड्यांचा नियम तर वाचून समजण्यासारखा आहे: इंग्लंडमध्ये तातडीच्या नसलेल्या उपचारांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, हा रुग्णाचा हक्क एनएचएसच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’मध्ये, म्हणजे तिच्या संविधानात, नोंदलेला आहे. अपॉइंटमेंट्स क्लार्कचे बरेचसे काम याच घड्याळाभोवती फिरते, म्हणून ते समजून घेतल्याचे दोन वाक्यांत दाखवा. अत्यावश्यक ओळच तुमच्याकडे नसेल आणि तिला जवळचा पुरावाही नसेल, तर ती जाहिरात सोडून द्या आणि तो वेळ पुढच्या अर्जाला द्या.

दोन वर्षांच्या खंडाबद्दल तुम्ही फारच अपराधी सुरात लिहिले आहे. त्याची गरज नाही. नोकरीपूर्व तपासणीत सलग तीन वर्षांचा हिशेब पाहिला जातो, त्यामुळे खंड लपवता येत नाही, पण ‘स्थलांतर आणि मुलाचे संगोपन, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत’ हे एक वाक्य पुरते. संदर्भपत्रासाठी (‘रेफरन्स’) सांगलीच्या रुग्णालयातील वरिष्ठांचा कार्यालयीन ईमेल आताच मिळवून ठेवा. खासगी ईमेलवरून आलेले पत्र बऱ्याचदा स्वीकारले जात नाही आणि निवड झाल्यावर त्यासाठी आठवडे वाया जातात.

मजकुराची मांडणी तक्त्याच्याच क्रमाने करा आणि तक्त्यातलेच शब्द छोट्या शीर्षकांसारखे वापरा. काहींना हे कृत्रिम वाटते. परंतु एका संध्याकाळी साठ-सत्तर अर्ज वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीचा पुरावा शोधावा न लागणे ही फार मोठी मदत असते, आणि शोधताना नजरेतून सुटलेला पुरावा नसल्यासारखाच असतो. सुरुवातीला एका वाक्यात ही विशिष्ट जागा का हवी ते सांगा, आणि दुसऱ्या ट्रस्टचे नाव चुकून राहिलेले नाही ना, हे पाठवण्याआधी पाहा. तसे अर्ज मला दर वेळी दिसतात. इंग्रजी सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली तर मी तिला दोष देणार नाही, पण प्रसंग तिच्याकडून लिहून घेऊ नका. अलीकडे एकाच जागेसाठी आलेल्या अनेक अर्जांत शब्दशः सारखे परिच्छेद आढळतात, त्यांत माणूस कुठेच सापडत नाही, आणि त्यांना गुण देणे मला शक्य होत नाही.

जाहिरातीच्या शेवटी अधिक माहितीसाठी एका व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी असतो. तुम्ही एकदाही फोन केलेला नाही, कारण ते वशिला लावल्यासारखे वाटले, असे तुम्ही लिहिले आहे. इथे तो फोन अपेक्षित असतो. पाच मिनिटे बोलून या जागेवर रोजचे काम कसे असते आणि तक्त्यातल्या कोणत्या गोष्टीची सध्या विभागाला सर्वाधिक गरज आहे, एवढे विचारा. त्यामुळे तुमचा अर्ज वर सरकत नाही, पण कोणत्या ओळीला सर्वांत भक्कम प्रसंग द्यायचा हे कळते. फोन लवकर करा, कारण पुरेसे अर्ज आले की जाहिरात मुदतीआधी बंद होऊ शकते. म्हणूनच प्रसंगांचा तुमचा तक्ता आधीपासून तयार असलेला बरा: नवी जाहिरात आली की त्यातून निवडायचे, क्रम बदलायचा आणि दोन-तीन ओळी नव्याने लिहायच्या. महिन्याला असे तीन-चार अर्ज झाले तरी पुरे.

बँड २ बद्दल: पगाराची किंवा वेळेची सोय म्हणून ती जागा हवी असेल तर अवश्य अर्ज करा, त्यात कमीपणा नाही. पण बोलावणे येत नाही म्हणून खाली उतरत असाल तर त्याने काही बदलणार नाही, कारण तिथेही असाच तक्ता असतो, छाननी याच पद्धतीने होते, आणि माझ्या अनुभवात अर्जांची संख्या तिथे अधिक असते. तुमचा सहा वर्षांचा अनुभव बँड ३ चाच आहे. ट्रस्टच्या ‘बँक’मध्ये, म्हणजे तात्पुरत्या पाळ्यांसाठी ठेवलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत, नाव घालता आले तर मात्र जरूर घाला, बाळाच्या वेळा सांभाळून आठवड्यातून दोन पाळ्या केल्या तरी इथली रुग्णनोंदणीची प्रणाली हाताखालून जाते आणि तक्त्यातली ती रिकामी ओळ भरते. पुढचा अर्ज पाठवण्याआधी तक्ता आणि मजकूर दोन्ही इथे ठेवलेत, तर मी छाननीला बसते तशीच ओळीने गुण देऊन सांगेन.